दिव्यांगांची समता आणि सार्वजनिक संस्थांचे कर्तव्य : गडबमधून पाहताना

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च झाले पाहिजेत, हे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. बौद्धवाडीचा रस्ता, समाजमंदिराची दुरुस्ती, दिवाबत्ती, पाण्याची लाइन यासाठी ग्रामसभेत उभे राहून हा पैसा मागणारी पिढी कोकणात तयार झाली. त्याच अंदाजपत्रकात आणखी एक ओळ असते : दिव्यांग कल्याण, 5 टक्के. त्या ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारणारा माणूस मात्र ग्रामसभेत क्वचितच दिसतो. आपल्या वाडीत दिव्यांग नाहीत म्हणून नव्हे, तर हा प्रश्न हक्काचा आहे असे अजून आपल्यालाच पुरेसे वाटत नाही म्हणून.

दिव्यांगांना समान वागणूक मिळावी यासाठी कोणत्या सार्वजनिक संस्थेवर काय जबाबदारी आहे, आणि ती पाळली नाही तर कोणाकडे जायचे, याची माहिती या लेखात एकत्र देत आहोत. दिल्लीतून खाली पाहण्याऐवजी आम्ही पेण तालुक्यातल्या गडबमधून वर पाहत आहोत. महामार्गावरचे, डोलवीच्या पोलाद कारखान्याशेजारचे हे गाव. रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे कासू स्टेशन इथून जवळ. कागदावर सगळे हाताशी आहे. पण कुबड्या घेऊन चालणाऱ्या माणसाला अलिबागला जायचे तर आधी वडखळ नाका गाठायचा, तिथे गाडी बदलायची, एसटीच्या उंच पायऱ्या चढायच्या. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाचे काम 2011 मध्ये सुरू झाले आणि पुढे वर्षानुवर्षे रखडले. अशा रस्त्याच्या कडेने चाकाची खुर्ची ढकलून पाहिली की ‘सुगम्यता’ या सरकारी शब्दाचा अर्थ लवकर कळतो.

ग्रामपंचायतीचे 5 टक्के

महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिका या सर्वांनी आपल्या स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून खर्च करायची असते. पूर्वी हे प्रमाण 3 टक्के होते. 2016 चा केंद्रीय कायदा आल्यानंतर ते 5 टक्के झाले.

इथे ‘स्वउत्पन्न’ हा शब्द नीट समजून घ्यावा. घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, जागेचे भाडे अशी पंचायतीची स्वतःची कमाई म्हणजे स्वउत्पन्न. वित्त आयोगाचा निधी किंवा आमदार-खासदार निधी त्यात धरत नाहीत. म्हणून डोंगरातल्या लहान पंचायतीचे 5 टक्के काही हजारांत संपतात, तर ज्या पंचायतीच्या हद्दीत कारखाना, गोदाम किंवा महामार्गावरची हॉटेले आहेत तिथे हीच टक्केवारी मोठी रक्कम होते. समजा स्वउत्पन्न 40 लाख आहे, तर दिव्यांगांचा वाटा 2 लाख. पेण, रोहा, खालापूर या औद्योगिक पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब आपापल्या पंचायतीपुरता एकदा तरी मांडावा.

खर्च वैयक्तिक लाभावरही होतो आणि सामूहिक कामावरही. श्रवणयंत्र, तीनचाकी सायकल, पांढरी काठी, छोट्या धंद्यासाठी मदत हे वैयक्तिक. शाळेला उतार बांधणे, शौचालयात पकडायला दांडा बसवणे हे सामूहिक. अनेक ठिकाणी मात्र वर्षभर काहीच होत नाही आणि मार्चअखेर यादीतल्या प्रत्येकाला सारख्या रकमेचा धनादेश देऊन फोटो काढला जातो. रोख मदत वाईट नाही. गरिबाला तिची गरज असते. पण ज्या मुलाला श्रवणयंत्र मिळाले असते तर शाळा सुटली नसती, त्याला हजार-दोन हजार देऊन मोकळे होणे याला समता म्हणता येणार नाही. यादी कोणी केली, ग्रामसभेपुढे ठेवली का, गरज कोणाला विचारली का, हे तीन प्रश्न रकमेइतकेच महत्त्वाचे आहेत.

उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. 10 रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तोही खर्च नाही. मागायचे एवढेच : मागील तीन वर्षांचे अंदाजपत्रक (नमुना 1), त्या तीन वर्षांचे प्रत्यक्ष स्वउत्पन्न, 5 टक्के निधीतून झालेल्या खर्चाचा तपशील, शिल्लक रक्कम, आणि गावातील दिव्यांगांच्या नोंदीतली एकूण संख्या. लाभार्थ्यांची आजारपणाची माहिती मागू नये. ती त्यांची खाजगी बाब आहे. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील.

प्रमाणपत्राची वाट

निधी असो, सवलत असो वा नोकरी, सगळ्याची किल्ली दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे वैश्विक ओळखपत्र. 1 जून 2021 पासून हे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच दिले जाते. अर्ज मोबाइलवर भरता येतो, पण तपासणी सरकारी रुग्णालयातच होते. रायगडकरांसाठी त्यातले मुख्य ठिकाण अलिबागचे जिल्हा सामान्य रुग्णालय. बहुतेक हक्क 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना मिळतात. कायद्याच्या भाषेत हे ‘लक्षणीय दिव्यांगत्व’.

आमच्या मते गावपातळीवरच्या मंडळांचे खरे काम इथे आहे. मजुरी बुडवून, सोबतीला माणूस घेऊन, दोन गाड्या बदलून गेलेल्या माणसाला ‘आज डॉक्टर नाहीत’ असे ऐकून परत यावे लागले, तर तो दुसऱ्यांदा जात नाही. तपासणीचे वार आधी फोन करून विचारणे, चार-पाच जणांना एका गाडीने नेणे, अर्जाची पावती जपून ठेवणे, ही कामे भाषणापेक्षा जास्त उपयोगाची आहेत.

आणखी एक गोष्ट. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. दिव्यांग म्हणजे हात-पाय-डोळे-कान एवढीच समजूत अजून टिकून आहे. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, पार्किन्सन, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हेही या यादीत आहेत. सिकलसेल आदिवासी समाजात आणि विदर्भात बौद्ध समाजातही आढळतो. पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या आपल्या अनेक मुलांना आपण या कायद्याखाली येतो हेच माहीत नसते.

प्रमाणपत्र हातात आले की तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही मदत दरमहा 1500 वरून 2500 रुपये केली आहे. एसटीच्या साध्या गाडीत भाड्यात 75 टक्के सवलत आहे. घरकुलासह संबंधित योजनांत 5 टक्के आरक्षण, त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य, हे कायद्याच्या कलम 37 मध्ये आहे. रमाई आवासची यादी ग्रामसभेत वाचली जाते तेव्हा हे कलम आठवणीत असावे.

कायदा काय सांगतो

संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांग हक्कांचा करार डिसेंबर 2006 मध्ये स्वीकारला आणि भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्याला मान्यता दिली. त्यावर आधारलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आहे. शासकीय नोकरीत 4 टक्के, उच्च शिक्षणात 5 टक्के आरक्षण, 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण या तरतुदी बऱ्याच जणांना माहीत आहेत. त्यापेक्षा कमी चर्चेत असलेले दोन मुद्दे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटतात.

पहिला, ‘वाजवी सोय’. परीक्षेत लेखनिक देणे, बहिऱ्या कर्मचाऱ्याला लेखी सूचना देणे, चाकाच्या खुर्चीवरच्या शिक्षिकेचा वर्ग तळमजल्यावर ठेवणे, या गोष्टी नाकारणे हाच कायद्याने भेदभाव ठरतो. ‘आम्ही कोणाला हाकलले नाही’ एवढे म्हणून संस्था सुटत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये लेखनिकाच्या प्रश्नावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर भर दिला.

दुसरा, समान संधी धोरण. कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने असे धोरण जाहीर करायचे आहे, आणि यात खाजगी कंपन्याही येतात. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीने संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या गावांना ही तरतूद उपयोगाची आहे. स्थानिकांना नोकरी द्या ही मागणी आपण नेहमी करतो. त्या निवेदनात ‘आपले समान संधी धोरण दाखवा’ ही एक ओळ घालायला काहीच खर्च नाही.

इंग्लंडमध्ये 2010 च्या समता कायद्याने सार्वजनिक संस्थांवर एक वेगळे बंधन घातले आहे. कोणी तक्रार करण्याची वाट न पाहता, निर्णय घेतानाच समतेचा विचार केला पाहिजे, असे ते बंधन. बसमार्ग बंद करायचा, वाचनालय हलवायचे, तर त्याचा दिव्यांगांवर काय परिणाम होईल हे आधी तपासायचे. आपल्याकडे ग्रामपंचायत नवे कार्यालय पहिल्या मजल्यावर नेते तेव्हा असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. (त्याच ब्रिटिश कायद्यात जातीचा समावेश करण्यासाठी 2013 मध्ये तरतूद झाली होती, तिथल्या आंबेडकरी संघटनांनी त्यासाठी झगडा केला होता. 2018 मध्ये तिथल्या सरकारने ती मागे घेण्याचे ठरवले. समतेचे चांगले कायदेसुद्धा कोणाला आत घ्यायचे यावर अडतात.)

ठराव आणि पाणी यांतले अंतर

रायगडच्या माणसाला हे अंतर वेगळे समजावून सांगायची गरज नाही. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या विहिरी, तळी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले, ओंजळीत पाणी आले नाही. त्यासाठी बाबासाहेबांना 20 मार्च 1927 रोजी हजारोंना घेऊन तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला आणि न्यायालयीन लढा 1937 पर्यंत चालला.

अस्पृश्यता आणि दिव्यांगत्व या एकच गोष्टी नाहीत. तळ्यावर अडवणारा माणूस द्वेषाने अडवत होता. पायरी द्वेषाने बांधलेली नसते. पण सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या जागेत एका नागरिकाला पाय ठेवता येत नाही, हा परिणाम सारखाच आहे. आणि कागदावर खुली, प्रत्यक्षात बंद, ही सार्वजनिक संस्थांची सवयही तीच.

2017 च्या नियमांनुसार जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती मुदत जून 2022 मध्ये संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचा नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली मानके बंधनकारक न राहता नुसत्या शिफारशी होऊन बसल्या होत्या. किमान मानके सक्तीची करा, असा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला.

जात आणि दिव्यांगत्व एकाच अंगावर

2011 च्या जनगणनेत देशातल्या एकूण लोकसंख्येत दिव्यांगांचे प्रमाण 2.21 टक्के होते. अनुसूचित जातींमध्ये ते 2.45 टक्के. महाराष्ट्रात दिव्यांगांची नोंद सुमारे 29.6 लाख. जनगणनेने फक्त 8 प्रकार विचारले होते, म्हणून खरा आकडा मोठा असणार. अनुसूचित जातींत प्रमाण जास्त असण्यामागे कुपोषण, धोक्याची कामे आणि वेळेवर न मिळालेला उपचार आहे, असे आम्ही मानतो. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहा म्हणून आपण मोहीम चालवतो. त्याच अर्जातला अपंगत्वाचा प्रश्न आला की घरातले लोक मान खाली घालतात आणि ‘नाही’ सांगतात. मोहिमेत हेही सांगायला हवे.

नोकरीतले दिव्यांग आरक्षण समांतर आहे, म्हणजे ते सर्व प्रवर्गांना आडवे छेदून जाते. अनुसूचित जातीचा दिव्यांग उमेदवार निवडला गेला तर तो आपल्याच प्रवर्गात धरला जातो. जाहिरात वाचताना दोन्ही रकाने पाहावेत आणि दोन्ही प्रमाणपत्रे तयार ठेवावीत. एकाच्या भरवशावर दुसरे काढायचे राहून गेले की संधी हुकते.

आंध्र प्रदेशातील अनुसूचित जातीच्या अंध तरुणीवरील अत्याचाराच्या प्रकरणात 27 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जात, लिंग आणि दिव्यांगत्व एकमेकांत गुंतून अन्याय कसा वाढवतात याची सविस्तर चर्चा केली. आरोपीची जन्मठेप कायम राहिली, पण पुराव्याअभावी अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची शिक्षा टिकली नाही. गुन्हा जातीच्या कारणावरून घडला हे तेव्हाच्या तरतुदीनुसार सिद्ध करावे लागत होते. जानेवारी 2016 पासून लागू दुरुस्तीने, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला माहीत होते एवढे पुरेसे केले आहे. फिर्याद लिहून घेताना हा तपशील नोंदला जातो की नाही, हे कार्यकर्त्यांनी पोलीस ठाण्यातच पाहावे.

दिव्यांग कायद्याचे कलम 92 ही आपल्याला ओळखीचे वाटेल. लोकांच्या नजरेसमोर, अपमान करण्याच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम अवमान किंवा धाकदपटशा केल्यास 6 महिने ते 5 वर्षे कारावास आणि दंड. शब्दरचना जवळजवळ अत्याचार प्रतिबंधक कायद्यासारखीच आहे. गावात ‘लंगड्या’, ‘बहिऱ्या’, ‘येडा’ ही नावे आडनावासारखी चिकटतात आणि हाक मारणाऱ्याला त्यात काही वाटत नाही. प्रत्येक हाकेवर गुन्हा नोंदवा असे आम्ही म्हणत नाही; पण जातीवाचक शिवी ऐकून जो कार्यकर्ता उभा राहतो, त्याने या हाकेवरही हसू नये.

शब्दाचा विषय निघालाच आहे तर, ‘दिव्यांग’ हा शब्द आम्ही इथे वापरला कारण कायद्याच्या मराठी नावात आणि कार्यालयाच्या पाटीवर तो आहे. अनेक दिव्यांग कार्यकर्त्यांना तो आवडत नाही. दुसऱ्याने दिलेले दैवी नाव आपल्या लोकांनी एकदा नाकारलेले आहे. 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ या शब्दाला विरोध करत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला होता, तोही स्थानिक संस्थांच्या विधेयकावरून. समोरच्या माणसाला काय म्हटलेले चालेल हे त्यालाच विचारावे.

तक्रार कुठे

महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. त्याआधी हा विषय सामाजिक न्याय विभागाकडे होता. जिल्ह्यात अलिबागला जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, आणि राज्यात पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय. हक्क नाकारल्याची तक्रार राज्य आयुक्तांकडे करता येते. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे असते, आणि मान्य नसेल तर कारण द्यायचे असते. छळ किंवा हिंसा असेल तर कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे व्यवहारात तहसीलदार, यांच्याकडे जाता येते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत, पुढच्या वेळी 50 हजार ते 5 लाख रुपये दंड आहे. पोस्टाने पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची पोच जपावी.

एक गोष्ट तक्रारीने मिळणार नाही : प्रतिनिधित्व. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी राखीव जागा नाही. छत्तीसगडने पंचायतींत दिव्यांग सदस्य नामनिर्देशित करण्याची तरतूद 2019 मध्ये केली आणि तामिळनाडूने 2025 मध्ये तसाच कायदा आणला. राखीव जागांशिवाय आपले लोक सभागृहात पोहोचले नसते हे आपण अनुभवाने जाणतो. ही मागणी आंबेडकरी पक्षांच्या जाहीरनाम्यात यायला हवी.

आपले विहार

शेवटी घरचा विषय. बुद्धांनी आनंदासह आजारी भिक्खूला स्वतः आंघोळ घातल्याची महावग्गातली कथा प्रत्येक धम्मदेसनेत येते. त्याच महावग्गात आंधळ्या, बहिऱ्या, हात-पाय तुटलेल्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असे नियमही आहेत, ते सांगितले जात नाहीत. धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिल्याच गाथेची कथा अंध अर्हत चक्खुपालाची आहे आणि उदानात कुष्ठरोगी सुप्पबुद्धाला धम्म कळतो. परंपरेत दोन्ही आहे, आणि कोणता भाग पुढे न्यायचा हे आपण ठरवायचे आहे. मागच्या जन्मीच्या पापाने अपंगत्व येते, ही समजूत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये पूर्वकर्माचा सिद्धांत नाकारून मोडीत काढली. तरी बौद्धवाडीत मूल अपंग जन्मले की तोच शब्द कुजबुजला जातो.

आणि विहाराला पायऱ्या असतात. कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी नव्हे. लोक जिथे जातात अशी खाजगी इमारतही त्यात येते. समाजमंदिरे तर बहुतेक सरकारी निधीतूनच उभी राहतात. वस्ती विकास योजनेतून किंवा 15 टक्क्यांतून नवे काम मंजूर होत असेल तर अंदाजपत्रक बनतानाच उतार धरून घ्यावा. नंतर जोडायला जास्त खर्च येतो आणि जागाही उरत नाही. उताराचे प्रमाण 1 ला 12, म्हणजे जोते 2 फूट उंच असेल तर उतार 24 फूट लांब हवा. ठेकेदार 8 फुटांत उरकतो, त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, घसरते. दार किमान 900 मिलिमीटर, उताराच्या दोन्ही बाजूंना दांडा, पृष्ठभाग खरबरीत, कोकणातल्या पावसात शेवाळ धरणार नाही असा. जागा कमी असेल तर उतार मध्ये सपाट टप्पा देऊन वळवावा. ग्रामपंचायतीचे 5 टक्के या कामालाही वापरता येतात.